देवकुंडला पहिल्यांदा जाताय? परतीची वेळ आधी ठरवा

पाऊस ओसरायला लागला की दरवर्षी ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतो. "आम्ही सात-आठ जण देवकुंडला जायचं म्हणतोय. कुणीच आधी ट्रेक केलेला नाही. जमेल का?" जमेल, असं मी सांगतो. आणि मग तासभर फोन ठेवत नाही, कारण सांगण्यासारखं बरंच असतं. ते सगळं इथे एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

ताम्हिणी घाट उतरून कोकणात आलं की रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात भिरा नावाचं गाव लागतं. गावामागे धरणाचं पाणी, त्याच्या मागे दाट रान आणि रानाच्या शेवटी सह्याद्रीच्या कड्याच्या कुशीत देवकुंड. कड्यावरून एक धार सरळ खाली गोल डोहात पडते. तीन बाजूंनी कातळ असल्यामुळे आवाज आत कोंडल्यासारखा घुमतो. कुंडलिका नदी इथूनच निघते असं गावात सांगतात. गावापासून कुंडापर्यंत साधारण सहा किलोमीटर चालायचं, तेवढंच परत. बरीचशी वाट सपाट, शेवटचा टप्पा तेवढा दगडधोंड्यांचा आणि चढाचा.

वाट सोपी आहे म्हणूनच माणसं तयारी करत नाहीत. गड चढायचा म्हटलं की सगळे बूट बघतात, पाणी बघतात. धबधब्याला जायचं म्हटलं की सहलीला निघाल्यासारखे निघतात. चुकीचा दिवस, उशिरा सुरुवात आणि पाण्यात उतरायचा मोह, या तीन गोष्टींनी बहुतेक घोळ होतात. तिन्हींचा निर्णय घरी बसून, शांत डोक्याने घेता येतो.

आधी दिवस ठरवा

जून ते सप्टेंबर नको. यात माझ्याकडे सूट नाही.

पावसाळ्यात देवकुंडच्या परिसरात जायला प्रशासन बहुतेक वेळा बंदी घालतं. हे मनाई आदेश पूर्वी कलम १४४ खाली निघायचे, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. पण बंदी नसती तरी मी जाऊ नका म्हटलं असतं. ताम्हिणीचा पाऊस शहरातल्या पावसाच्या मापाने मोजता येत नाही. हवामान खातं २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं. २५ जुलै २०२४ च्या सकाळी ताम्हिणीत आधीच्या २४ तासांचा पाऊस नोंदला गेला ५५६ मिलिमीटर. हे सगळं पाणी ज्या घळींतून खाली धावतं, त्यातल्याच एका घळीच्या तळाशी तुम्ही उभं राहायला निघालेले असता. त्याच पावसाळ्यात, ३० जूनला, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती मंडळी पाण्याच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभी होती आणि काठावर माणसांची गर्दी होती. लोंढा वाढल्यावर काठावरच्या कुणालाही काही करता आलं नाही. ते चित्रण ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

मग जायचं कधी? ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी. दिवाळीच्या आसपास धार भरलेली असते, पाणी निवळलेलं असतं, पठारांवर सोनकी आणि तेरड्याची शेवटची फुलं असतात. फेब्रुवारीत धार बारीक होते. मार्चनंतर नकोच. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याच्या वेधशाळेत ४६.५ अंशांची नोंद झाल्याची बातमी गाजली होती. त्या आकड्यावर पुढे शंका घेतली गेली, पण कड्याखालच्या त्या खोलगट मुलखात उन्हाळ्यात काय होरपळायला होतं ते गावातल्या कुणालाही विचारा.

ऑक्टोबरात परतीच्या पावसाचं मात्र ध्यान ठेवा. सकाळ लख्ख असते, दुपारी दोन-तीनला ढग चढतात आणि विजांसकट कोसळतात. आदल्या दिवशी हवामान खात्याचा रायगड आणि पुणे अशा दोन्ही जिल्ह्यांचा इशारा बघा. पुण्याचा कशाला, असं विचारतात. कुंडात पडणारं पाणी वरून येतं आणि वर घाटमाथा आहे. खाली भिऱ्यात ऊन असताना वर पाऊस झाला तरी ओढे फुगतात. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकला, पिवळा असेल तर गावात फोन करून विचारा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप दोघांच्या तरी फोनवर असू द्या.

आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. कुंडापाशी दीडशे माणसं आणि चार स्पीकर असले तर तुम्ही जंगलात आलात कशाला?

मग माणसं

पहिल्या वेळी सहा ते आठ जण पुष्कळ. चारपेक्षा कमी नको, कारण एकाचा पाय मुरगळला तर एकाने त्याच्यापाशी बसायचं आणि दोघांनी मदत आणायला जायचं, एवढी माणसं हवीत. दहाच्या वर गेलात की रांग लांबते आणि पुढच्याला मागच्याचं काही कळत नाही.

जो येतो म्हणेल त्याला आधी एक परीक्षा द्यायला लावा. मुंबईकरांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जाऊन चालत परत यावं. अंतर जवळपास देवकुंडएवढंच पडतं. पुणेकरांनी आतकरवाडीतून सिंहगड एकदा चढून-उतरून यावा. दुसऱ्या दिवशी जो कामावर नीट जाऊ शकला तो चालेल. गुडघा दुखतो, दमा आहे, फिट येते, मधुमेहाची गोळी चालू आहे, हे मोकळेपणाने विचारा आणि ज्याने सांगितलं त्याची चेष्टा होऊ देऊ नका. चेष्टेच्या भीतीने लपवलेला दमा शेवटच्या चढावर बाहेर येतो.

मित्रांबरोबर जाण्यात एक अडचण आहे आणि ती कुणी उघड बोलत नाही. सगळे बरोबरीचे असतात, त्यामुळे नाही म्हणायचं कुणी, हे ठरलेलं नसतं. एकाला वाटतं पाणी जास्त आहे, पण बाकीचे निघालेत म्हणून तोही निघतो. नंतर कळतं की मनातून चौघांनाही नको होतं. म्हणून निघायच्या आधीच एकाला लीडर करा आणि सगळ्यांसमोर दोन गोष्टी कबूल करून घ्या. लीडर 'मागे फिरा' म्हणाला की वाद नाही. आणि एखाद्या ओढ्यापाशी लीडर सोडून दुसऱ्या कुणालाही भीती वाटली, तरी तो ओढा कुणीच ओलांडायचा नाही. दुसरी अट लोकांना जड जाते. माझ्या अनुभवात तीच जास्त उपयोगी पडली आहे.

सगळ्यात शेवटी चालणारा माणूसही नेमा. ट्रेकवाले त्याला टेल म्हणतात. तो दमदार आणि शांत स्वभावाचा हवा. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, लीडरच्या पुढे कुणी जायचं नाही. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. थांबून मागच्याची वाट पाहिलीत तर तो पोचल्यावर त्यालाही दम खाऊ द्या. तो आला की लगेच बाकीचे उठतात आणि बिचारा दिवसभर एकदाही बसत नाही, असं फार ठिकाणी पाहिलंय.

घरी राहणाऱ्या एका माणसाला सगळं लिहून द्या: कोण-कोण आहे, गाडीचा नंबर, वाटाड्याचं नाव आणि 'सहा वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं'.

वाटाड्या घ्या

गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नका. वाट मोबाइलवर दिसते हे मला माहीत आहे. पण रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाइलवरच्या रेघेवर राहूनही माणूस भलत्याच घळीत उतरतो. दुसरं, ओढ्याचं पाणी आज कालपेक्षा किती वाढलंय हे फक्त रोज पाहणाऱ्याला कळतं. आणि तिसरं, आपण ज्यांच्या गावात गाडी लावतो आणि ज्यांच्या रानात फिरतो, त्यांच्या घरात आपल्या येण्याने दोन पैसे जावेत हे सरळ न्यायाचं आहे. किती घेणार ते आधी बोलून घ्या, घासाघीस करू नका, रोख जवळ ठेवा. जेवणही गावातच सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं किंवा डाळ, भात. परत आल्यावर त्या भाकरीची जी चव लागते, ती मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

वाटाड्या काय करतो ते एका प्रसंगावरून सांगतो. ऑक्टोबरातली गोष्ट. आम्ही नऊ जण, बरोबर वाटाड्या म्हणून साठीचे एक काका. कुंड पाहून परत निघालो तेव्हा डोक्यावर ऊन होतं. सकाळी ज्या ओढ्यात घोटे भिजले होते, तिथे पोचलो आणि काका काठावरच थांबले. आम्हाला पाणी तसंच दिसत होतं. त्यांनी बोट दाखवलं. सकाळी तळाचे गोटे दिसत होते, आता पाण्याला चहाचा रंग आला होता आणि वरून हिरवी पानं वाहत येत होती. वाळकी नाहीत, हिरवी, म्हणजे वर नुकतीच मोडलेली. "पोरांनो, बसा. घाई नको. आलंय तसं जाईल." आमच्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जायचं होतं, तो म्हणाला, काका, एवढंसं तर आहे. काकांनी उत्तर दिलं नाही. काठावरच्या एका दगडाला पाणी टेकत होतं, तिथे काठी रोवली आणि बिडी काढली. वीस मिनिटांत ती काठी निम्मी बुडाली. मधला जो खडक धरून आम्ही सकाळी गेलो होतो तो दिसेनासा झाला. आमच्या अंगावर पावसाचा एक थेंबही पडलेला नव्हता. दोन तास बसलो, मग पाणी उतरलं, काठी परत उघडी पडली, आणि काका उठले.

ती काठीची युक्ती मी अजून वापरतो. ओढ्यापाशी शंका आली की काठावर खूण करायची आणि दहा मिनिटं बघायचं.

पाठीवर काय

बूट सगळ्यात महत्त्वाचे. खोल खाचांचा रबरी तळ हवा. धावायचे हलके बूट ओल्या कातळावर साबणासारखे घसरतात, आणि चप्पल-सँडलचा तर विचारच नको. नवे बूट आदल्या दिवशी आणून घालू नका, आठवडाभर घरात-दारात वापरा. पूर्ण पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, पण जीन्स नको. भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटून काढते.

प्रत्येकी तीन लिटर पाणी. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, संत्री. कुरकुरीत पाकिटं घेतलीत तर तहान वाढते आणि प्लास्टिकही उरतं. मीठ-साखर पुडीत बांधून घ्या: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरून. पोटऱ्यांत गोळे आले की हे पाणी उपयोगी पडतं.

दोघांत मिळून एक बॅटरी, कपाळावर बांधायची असली तर उत्तम. शिट्टी प्रत्येकाजवळ. पंधरा मीटर दोरी, ताणपट्टी, जंतुनाशक, स्वतःची औषधं, कोरडे कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून. अत्तर-परफ्यूम लावून येऊ नका. कड्याला आग्या मोहोळं असतात, आणि उग्र वास किंवा धूर यांनी माशा उठतात. याच कारणाने वाटेत सिगारेट नाही, चूल नाही. माशा उठल्याच तर हात झाडत बसू नका, तोंड-मान कपड्याने झाका आणि झाडीतून लांब पळा. पाण्यात उडी मारून सुटका होत नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात.

सकाळ

परतीची वेळ आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजा. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण कड्याखालच्या रानात पाचलाच अंधारून येतं. म्हणजे चारच्या आत गावात. कुंडापासून गावापर्यंत अडीच-तीन तास धरा, म्हणजे एक वाजता कुंड सोडायचं. पोचलेले असा किंवा नसा, एक वाजता पावलं वळली पाहिजेत. म्हणून सकाळी आठला गावातून चालायला लागायचं.

पुण्याहून चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे आणि तिथून भिरा, असं शंभरेक किलोमीटर. पहाटे साडेचारला निघा. मुंबईकरांनी खोपोली-पालीमार्गे यावं. ते अंतर दीडशेच्या आसपास पडतं, त्यामुळे मुंबईकरांनी आदल्या रात्रीच गावात मुक्कामाला यावं असं माझं मत आहे. रात्रभर गाडी चालवून तसंच चालायला लागणारे खूप दिसतात आणि परत जाताना घाटात त्यांचीच मला काळजी वाटते. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं माणगाव स्टेशन जवळचं, पुढे एसटी किंवा भाड्याची गाडी.

गावात शिरल्यावर आधी वाटाड्याला भेटा, नाव-नोंद असेल तिथे नावं लिहा आणि स्वच्छतागृह असेल तिथे सगळ्यांनी जाऊन या. मैत्रिणींसाठी गावातल्या एखाद्या घरी आधीच विचारून ठेवा, कुणी नाही म्हणत नाही. रानात वेळ आलीच तर पाण्यापासून सत्तरेक पावलं लांब जायचं, खड्डा करायचा, बुजवायचा, आणि कागद-पॅड पिशवीत बांधून परत आणायचं. ओढ्याचं पाणी खाली कुणी तरी पितं.

वाट

पहिला टप्पा धरणाच्या पाण्याकाठाने. हे पाणी कुठून येतं ते चालता चालता मित्रांना सांगा. वर मुळशीला धरण आहे. त्याचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून कडा उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं. टाटांचं हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. त्या धरणाखाली मावळातली गावं बुडाली, आणि ती वाचवायला १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी मुळशीचा सत्याग्रह केला, ज्यामुळे पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. वीजघरातून सुटलेलं पाणी पुढे कुंडलिकेत जातं आणि कोलाडला त्याच्यावर राफ्टिंग चालतं. धरणाचं पाणी सकाळी शांत दिसतं, कडे त्यात उलटे उभे राहतात, पण आत उतरू नका. काठ गाळाचा आहे आणि वीजघराच्या कामाप्रमाणे पातळी वर-खाली होते.

पुढे रान लागतं. इथे बोलणं कमी करा, निदान दहा मिनिटं. शेकरू दिसलं नाही तरी त्याचा खडखडाटी आवाज ऐकू येईल. हात कुठे लावताय ते बघा. ऑक्टोबरनंतर वाटेच्या कडेला वेलीवर तपकिरी, मखमली शेंगांचे घोस लटकलेले दिसतील. ती खाजकुइली. हात लागला, नुसता वारा तिच्यावरून अंगावर आला, तरी कातडीला आग लागते. चोळायचं नाही. चोळलं की कुसं आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढायची, किंवा ओल्या मातीचा लेप देऊन वाळल्यावर खरवडायचा, मग धुवायचं.

वाटेत ओढे आडवे येतात. कधी साकव असतो, कधी नसतो. पाणी पोटरीच्या वर असेल आणि वेगात असेल तर नवख्यांनी उतरू नये. गुडघ्याला लागलं तर वाटाड्या असला तरी नाही. उतरायचं ठरलं तर बूट काढू नका. तळवा घसरतो, बोटं चेचतात, आणि ओले बूट तासाभरात अंगवळणी पडतात. पाठपिशवीचा छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येईल. तोंड पाण्याच्या उगमाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा. दगडावरून दगडावर उड्या मारायच्या नाहीत. काळा, चकचकीत दगड दिसला की त्यावर शेवाळ आहे असं धरून चाला. पाय दगडांच्या मध्ये, वाळूत टाका.

शेवटचा चढ मोठाल्या धोंड्यांमधून जातो. इथे दम लागतो, इथेच माणसं एकमेकांना मागे टाकतात. टेलने इथे जागं राहायचं. वर गेलेल्याच्या पायाखालून दगड निसटला तर "दगड!" म्हणून ओरडायचं, आणि खालच्याने वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं.

कुंड

झाडी एकदम संपते आणि गार तुषार तोंडावर येतात. पहिली पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही. फोटो नंतर निघतील, ती पाच मिनिटं जाऊ देऊ नका.

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. वरचा थर कठीण, मध्ये एखादा मऊ. पडणारं पाणी आणि त्याने फिरवलेले गोटे मिळून तळाचा खडक कोरत राहतात आणि असा डोह तयार होतो. म्हणजे कुंड उथळ दिसलं तरी धारेखाली ते खोल असणारच, कारण कोरण्याचं काम तिथेच चालू आहे. काठावर कमरेइतकं पाणी आणि चार हातांवर तळच नाही, असा त्याचा आकार असतो. वरून पडणारं पाणी खाली जाऊन पुन्हा धारेकडेच ओढ घेतं. त्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके असतात की माणूस तरंगत नाही. पोहणतलावात शंभर फेऱ्या मारणारा इथे तिसऱ्या हातालाच थकतो, आणि गारठ्याने श्वास अडकतो तो वेगळाच.

म्हणून पाण्यात उतरायचं नाही. दोरी बांधलेली असली तर तिच्या आत नाही, नसली तर तरीही नाही. धारेखाली उभं राहायचं नाही, कारण कड्यावरून पाण्याबरोबर दगड येतात. बाजूने कातळ चढून वरून फोटो काढायचा नाही. काठच्या कोरड्या धोंड्यावर बसा, पाय गुडघ्यापर्यंत सोडा, ओंजळभर पाणी तोंडावर घ्या. दुपारच्या आधी कधी तरी ऊन कड्यावरून आत उतरतं आणि तुषारांत इंद्रधनुष्य उभं राहतं. ते हलत हलत पाण्याच्या काठापर्यंत येतं. आमच्यातल्या एकीने त्यात तळहात धरला होता आणि तिच्या बोटांवर रंग पडले होते. दारू पिऊन तिथे आलेल्या माणसाला हे दिसत नाही. तो आपल्यालाही धोका असतो आणि त्याला वाचवायला जाणाऱ्यालाही. दारू आणणाऱ्या मित्राला गावातूनच परत पाठवा. मैत्री तुटत नाही, मी करून पाहिलंय.

काही झालंच तर

पाय मुरगळला तर बूट लगेच काढू नका, सूज आली की परत चढत नाही. वरून ताणपट्टी बांधा, काठी द्या, ओझं इतरांनी घ्या.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठ्या-कडी काढा, चावलेला अवयव हलणार नाही असा फांदीच्या आधाराने बांधा आणि माणसाला उचलून न्या, चालवू नका. कोकणात फुरसं खूप. ते जेमतेम एक-दीड फुटाचं असतं, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. त्याचं विष रक्त गोठू देत नाही आणि परिणाम तासांनी दिसतो, त्यामुळे काही होत नाहीये म्हणून थांबू नका. विंचवाचंही तसंच. तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसं दगावत, आणि प्राझोसिन या औषधाने ते मरण टाळता येतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच रायगड जिल्ह्यात रुग्ण तपासून जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सांगतो कारण अशा माणसाला मांत्रिकाकडे किंवा थेट पुण्या-मुंबईकडे पळवण्याआधी माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात नेणं शहाणपणाचं.

रानात फोनला रेंज धरू नका. दोघांनी शिट्टी वाजवत खाली यायचं आणि रेंज आली की १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर निघायच्या आधीच शोधून कागदावर लिहून ठेवा, सगळ्यांच्या खिशात. कुणी पाण्यात पडलं तर मागे उडी मारायची नाही. दोरी, काठी, ओढणी, रिकाम्या बाटल्या भरलेली पाठपिशवी, जे हाताला लागेल ते फेका.

परत

एक वाजला की उठा. "अजून दहा मिनिटं" हे सगळे म्हणतील, म्हणून लीडरने पावणेएकलाच बॅगा आवरायला लावाव्यात. आपला कचरा घ्या आणि प्रत्येकी दुसऱ्याच्या दोन बाटल्याही उचला. उतारावर गुडघे थरथरायला लागतात आणि घसरणारे बहुतेक परतीलाच घसरतात, तेव्हा इथे सकाळपेक्षा हळू चाला. प्रत्येक ओढ्यापाशी डोकी मोजा.

गावात आल्यावर घरी फोन करा. पैसे द्या, जेवा, कपडे बदला. मग गाडी कोण चालवणार ते बघा. सकाळी जो चालवत आला त्याला मागच्या सीटवर झोपू द्या आणि ज्याचे डोळे ताजे आहेत त्याला पुढे बसवा. कुणाचेच नसतील तर गावातच अर्धा-पाऊण तास पडा, विळ्याला चहा घ्या आणि मगच ताम्हिणी चढा. घाटात धुकं उतरलेलं असतं, त्यात गुरं रस्त्यावर बसतात.